मेस्तायाचा गाळ आणि आपली मैदाने

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली-मिरजेत मैदानाचा विषय निघाला की एक सल्ला हमखास कानावर येतो: शहरातली जुनी जागा व्यापारी संकुलाला द्या आणि त्या पैशातून गावाबाहेर मोठे स्टेडियम बांधा. असा सल्ला देणाऱ्यांनी स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया या फुटबॉल क्लबच्या मेस्ताया मैदानाची हकिकत एकदा नीट पाहावी, म्हणून हे पत्र. नदीकाठचे शहर, पाटपाण्यावरची शेती, महापूर, गाळ आणि रखडलेले बांधकाम यांपैकी काहीच आपल्याला परके नाही.

मेस्ताया हे मुळात एका पाटाचे नाव. तुरिया नदीचे पाणी व्हॅलेन्सियाच्या मळ्यांना पुरवणाऱ्या जुन्या पाटांपैकी तो एक. मैदानात जायचे तर तो ओलांडावा लागे, म्हणून मैदानालाही तेच नाव पडले. या पाटांवरचे तंटे सोडवणारे पाणी-न्यायालय आजही दर गुरुवारी दुपारी १२ वाजता तिथल्या कॅथेड्रलच्या दारात बसते. निवाडा करणारे शेतकरीच आणि सगळे कामकाज तोंडी. २००९ मध्ये युनेस्कोने त्याची वारसा म्हणून नोंद घेतली. पाण्याच्या पाळीवरून बांधावर काय काय होते हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको, त्यामुळे ही परंपरा टिकली याचे मोल आपल्याला जास्त कळावे. १९६९ मध्ये मैदानाला लुइस कासानोवा या माजी अध्यक्षांचे नाव देण्यात आले होते, ते १९९४ मध्ये उतरवून पुन्हा पाटाचे नाव लावले गेले. आमच्या मते ते योग्यच झाले.

क्लबची स्थापना १९१९ ची. मेस्ताया सुरू झाले २० मे १९२३ रोजी, शेजारच्या लेव्हान्ते संघाविरुद्धच्या सामन्याने. तेव्हाची क्षमता १७ हजार. स्पेनच्या यादवी युद्धात या जागेचे गोदाम झाले आणि शेवटी नुसता सांगाडा उरला. तो पुन्हा उभा केला. १९५० च्या दशकात क्षमता ४५ हजारांवर नेली आणि हे काम अजून नवे असतानाच, १४ ऑक्टोबर १९५७ रोजी, तुरियाला महापूर आला. एकाच दिवसात पाण्याचे दोन लोंढे आले. दुसरा पहिल्यापेक्षा मोठा होता. ८० हून अधिक माणसे गेली. मेस्तायावर चिखल साचला. तरी क्लबने जागा सोडली नाही. मैदान साफ केले, दुरुस्त केले आणि १९५९ च्या मार्चमध्ये, शहराच्या फायास उत्सवात, तिथे विजेच्या झोतात सामना झाला.

‘साफ केले’ हे दोन शब्द वाचायला सोपे आहेत. प्रत्यक्षात ते काम केवढे असते ते पाहा. फुटबॉलचे मैदान १०५ बाय ६८ मीटरचे, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. त्यावर फक्त दोन इंच गाळ बसला तरी तो साधारण १२८ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) होतो. दोन ब्रासच्या डंपरने म्हटले तर ६० हून अधिक फेऱ्या. आणि हा गाळ ओला असतानाच काढावा लागतो. तो वाळला की त्याची साय घट्ट बसते, खाली हवा जात नाही आणि गवताची मुळे कुजतात. घाईने जेसीबी आत घालणे ही त्याहून मोठी चूक, कारण भिजलेली जमीन चाकांखाली दबून दगडासारखी होते आणि पुढची दोन-तीन वर्षे तिथे पाणी मुरत नाही. आधी पंपाने पाणी काढावे, मग फावड्यांनी आणि रबरी पट्टीच्या ढकलण्यांनी गाळ कडेला ओढावा, उरलेला पाण्याच्या माऱ्याने धुवावा. जमीन वाफशावर आली की पोकळ दात्यांच्या यंत्राने भोके पाडून त्यांत धुतलेली वाळू भरावी. शेतकरी जिला शिव्या घालतो ती हरळी इथे उपयोगी पडते: जमिनीखालच्या कांड्या जिवंत असतील तर ती स्वतःहून फुटते.

पण हे सगळे मैदान मुळात नीट बांधलेले असेल तर. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट हरळी लावली की दोन पावसाळ्यांत उंचसखलपणा येतो आणि खेळाडूंचे घोटे मुरगळतात. तळाची माती दाबून तिला हलका उतार द्यावा, भोकांच्या पाइपांच्या ओळी पाच-सहा मीटरवर चरात टाकाव्यात, त्यावर सहा इंच खडी, खडीवर कचेचा (जाड वाळूचा) पातळ थर आणि सर्वांत वर वाळूप्रधान मिश्रणाचा फूटभर थर घ्यावा. कचेचा थर वगळला की वरची वाळू खडीत उतरते, पाइप बुजतात आणि खर्च वाया जातो. १० मिलिमीटर पाऊस म्हणजे या मैदानावर ७१ हजार लिटर पाणी. निचरा कागदावर असून चालत नाही, पाणी बाहेर पडण्याचे तोंड कुठे आहे हे आधी ठरावे लागते. नदीकाठच्या शहरात या तोंडाला उलट पाणी रोखणारी झडप हवीच. सांगलीत पूर आधी नाल्यांतून उलटा चढतो. झडप नसलेल्या पाइपातून तो मैदानाच्या मधोमध वर येतो आणि सगळा गाळ खडीत कोंबून जातो.

व्हॅलेन्सियाने १९५७ नंतर नदीच शहराच्या दक्षिणेकडून वळवली. सेकंदाला ५ हजार घनमीटर पाणी वाहून नेईल असे नवे पात्र खोदले आणि जुन्या पात्रात आज बाग आहे. ऑक्टोबर २०२४ च्या महापुरात या पात्राने जुने शहर वाचवले, मात्र त्याच्या दक्षिणेकडच्या वस्त्या बुडाल्या आणि व्हॅलेन्सिया परिसरात दोनशेहून अधिक लोक मरण पावले. त्या दिवसांत सामने थांबले आणि मेस्ताया मदतीचे साहित्य गोळा करण्याचे केंद्र झाले. आपल्याकडे सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. गावात उंचावरची मोकळी जागा शिल्लक असणे म्हणजे काय, हे आपण तेव्हा पाहिले आहे.

आता मूळ मुद्दा. ऑगस्ट २००७ मध्ये या क्लबने शहराच्या दुसऱ्या भागात ७० हजारांहून अधिक क्षमतेचे नवे मेस्ताया बांधायला घेतले. पैशाचा हिशेब असा की जुन्या मैदानाची जागा विकायची आणि त्यातून नवे पुरे करायचे. काम निघाले, पण विक्री झाली नव्हती. मे २००८ मध्ये तिथे अपघात होऊन चार कामगार मरण पावले. त्याच सुमारास स्पेनमधला जागांचा बाजार कोसळला, ठरवलेल्या किमतीला गिऱ्हाईक मिळेना, क्लबवर कर्ज चढले आणि फेब्रुवारी २००९ मध्ये काम थांबले. सज्जांचा काँक्रीटचा सांगाडा छपराविना जवळपास १६ वर्षे उभा राहिला. काम पुन्हा सुरू झाले ते जानेवारी २०२५ मध्ये. एवढी वर्षे संघ खेळत राहिला कुठे? जुन्या मेस्तायावरच. तेही विकून पाडले असते तर त्याला घरच उरले नसते.

त्या जुन्या मैदानात एका खुर्चीवर एका प्रेक्षकाचा पुतळा बसवला आहे. हे गृहस्थ क्लबचे जुने सभासद. मध्यम वयात त्यांची दृष्टी गेली, तरी ते सामन्याला येत राहिले आणि शेजारी बसलेला त्यांचा मुलगा त्यांना खेळ सांगत असे. ती खुर्ची त्यांचीच.

आमची मागणी साधी आहे. नवे स्टेडियम जरूर बांधा, पण त्याचा निधी वेगळा मंजूर आणि जमा झाल्याखेरीज जुन्या मैदानाच्या सातबाऱ्याला हात लावू नका, आणि नव्या जागी पहिला सामना होईपर्यंत जुने पाडू नका. जागा ठरवताना २००५, २०१९ आणि २०२१ च्या पूररेषा नकाशावर आखून तो नकाशा लोकांसमोर ठेवा. काम मधेच थांबले तर उघड्या सळ्यांना सिमेंटचा पातळ लेप देण्याची अट निविदेतच घाला, नाहीतर त्या गंजून फुगतात आणि काँक्रीट फोडतात. आणि आहे त्या मैदानांवर प्रदर्शने व मंडप यांना परवानगी देताना खड्डे बुजवण्याची आणि खिळे वेचण्याची अनामत घ्या. ती रक्कम मैदान प्रत्यक्ष चालून पाहिल्यावरच परत द्यावी.

आपले,
मैदानप्रेमी वाचक, सांगली