दावणीच्या मालकाला कोणी विचारणार आहे का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोवंश हत्याबंदी, रस्त्यात अडवल्या जाणाऱ्या जनावरांच्या गाड्या आणि या अडवणुकीच्या निषेधार्थ जनावरांचा व मांसाचा व्यापार करणाऱ्या कुरेशी समाजाने 2025 च्या पावसाळ्यात राज्यभर पुकारलेला खरेदी-विक्री बंद, या विषयांवरची वाचकपत्रे मी आपल्या दैनिकात सातत्याने वाचत आलो आहे. एक बाजू श्रद्धेची आहे, दुसरी व्यवसायाच्या आणि अन्नाच्या स्वातंत्र्याची आहे, आणि दोन्हीकडची माणसे मनापासून लिहितात याबद्दल मला शंका नाही. परंतु ज्याच्या दावणीला ते जनावर बांधलेले असते, जो त्याची धार काढतो, शेण ओढतो आणि उन्हाळ्यात कडबा विकत घेऊन त्याला जगवतो, तो शेतकरी या संपूर्ण वादात कोणाच्याच हिशेबात नाही. मी खानापूर तालुक्यातील दूध उत्पादक आहे आणि माझी तक्रार एवढीच आहे.

आमचा खानापूर-आटपाडी-जतचा भाग आणि त्याला लागून असलेले सातारा जिल्ह्यातील माण व खटाव तालुके हा सारा पर्जन्यछायेचा पट्टा. इथे ज्वारी-बाजरी पावसाच्या भरवशावर आणि घरखर्च दुधाच्या दहा दिवसांच्या बिलावर चालतो. किराणा, मुलांची फी, दवाखाना हे सगळे त्या बिलातून भागते. पण दूध देणारी गाय कायम दूध देत नाही. ती आटते, कधी उलटते म्हणजे गाभण राहत नाही, सड निकामी होतात, वय होते. अशा वेळी ती विकून आलेल्या पैशांत भर घालून दुसरी कालवड किंवा दुभती गाय आणायची, असेच हे चक्र आजवर फिरत आले. हा व्यवहार ज्याने बाजारात उभे राहून पाहिला आहे त्याला ठाऊक असेल की, हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, आधी जनावराचे तोंड उघडून दात पाहतो, दुधाच्या दातांचे आदत आहे, चार दातांचे चौसा आहे की सगळे दात आलेले जुळलेले, हे ठरवतो, कासेला हात लावतो, चार पावले चालवून बघतो. मग उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटांच्या खुणांवर भाव ठरतो, विसार दिला जातो आणि बाजार समितीची पावती फाटते. विकणारा मराठा, धनगर, माळी, रामोशी, कोणीही असतो. घेणारा पुष्कळदा कुरेशी. उधारी राहिली तर पुढच्या बाजारी ती चुकती होते, त्यासाठी कागद लागत नाही. धर्माच्या नावाने चाललेल्या या वादाने पहिला घाव घातला आहे तो या व्यवहारावर.

आता कायद्याविषयी. महाराष्ट्रात गायीच्या हत्येवर बंदी 1976 च्या प्राणी संरक्षण कायद्यानेच आलेली होती. बैल आणि वळू मात्र ठरावीक दाखला घेऊन कत्तलीसाठी देता येत होते. 1995 साली विधिमंडळाने मंजूर केलेली सुधारणा राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च 2015 मध्ये लागू झाली आणि बैल, वळू यांनाही संरक्षण मिळाले. उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मे 2016 मध्ये हत्याबंदी वैध ठरवली. त्याआधी 2005 साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने गुजरातच्या प्रकरणात संपूर्ण बंदी मान्य केली होती. त्या निकालापर्यंत 1958 चा निकाल प्रमाण मानला जात होता. गाय आणि वासरे यांच्यावरची बंदी योग्य, पण शेतीला आणि पैदाशीला निरुपयोगी झालेल्या बैलांवरची सरसकट बंदी गैरवाजवी, असे त्यात म्हटले होते. मला त्या जुन्या निकालातील व्यवहारज्ञान अधिक पटते. तरीही न्यायालयाचा आजचा निर्णय हाच कायदा आहे, तो पाळला पाहिजे, आणि आमच्या भागातील शेतकरी तो मोडायला निघालेला नाही. बेंदराला बैलाची शिंगे रंगवून त्याला पुरणपोळी खाऊ घालणाऱ्या माणसाला कोणी गोप्रेम शिकवण्याची आवश्यकता नाही.

प्रश्न कायद्याच्या नावाखाली जे चालते त्याचा आहे. गाडी थांबवून तपासण्याचा अधिकार कायद्याने उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला, अथवा शासनाने नेमलेल्या व्यक्तीला दिला आहे. जुलै 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात झुंडीच्या हिंसेविरुद्ध प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. असे असताना रात्री हमरस्त्यावर चार-सहा मोटारसायकली आडव्या लावून जी तपासणी होते, ती कोणत्या कलमाखाली? त्या गाडीत गाभण गाय असो, दुभती गाय असो, की जिच्या कत्तलीवर मुळात बंदीच नाही अशी म्हैस असो, पावती दाखवूनही चालकाला मारहाण होते, जनावरे एखाद्या गोशाळेत जातात आणि ती परत मिळवायला मालकाला कोर्टाच्या फेऱ्या माराव्या लागतात. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने बाजारातून घरी नेण्यासाठी घेतलेली गाय याच रीतीने अडकली. ती सुटेपर्यंत तिचे दूध आटले होते आणि कर्जाचा हप्ता मात्र चालू राहिला.

कुरेशी व्यापाऱ्यांनी खरेदी थांबवली तेव्हा काही मंडळींना आनंद झाला. त्यांनी त्या आठवड्यांत कोणत्याही जनावरांच्या बाजारात जाऊन पाहायला हवे होते. आलेली जनावरे त्याच टेम्पोने परत गेली, टेम्पोचे भाडे अंगावर पडले, आणि नाइलाजाने विकणाऱ्याने पडेल भावात जनावर दिले. तपासणी खासगी व्यक्तींनी करायची नाही, हे त्यानंतर मंत्रालयातील बैठकांत मान्य झाले आणि पोलिसांनाही तसे बजावण्यात आले. मग आंदोलनाची वेळ येईपर्यंत ते का बजावले गेले नाही, याचे उत्तर आजही मिळालेले नाही. त्याच वर्षी बकरी ईदच्या तोंडावर राज्याच्या गोसेवा आयोगाने बाजार समित्यांना पत्र पाठवून त्या आठवड्यात जनावरांचे बाजार भरवू नयेत असे सुचवले होते. टीका झाल्यावर ते मागे घेतले गेले. परंतु आटपाडीचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार ज्यांना माहीत आहे, त्यांना अशा पत्राचा अर्थ सांगावा लागणार नाही. जत भागातील माडग्याळ जातीचा मेंढा किंवा वर्षभर जपलेला बोकड ईदच्या आधीच्या आठवड्यात जी किंमत आणतो ती एरवी येत नाही, आणि तो विकणारा बहुतांशी धनगर असतो. गायीच्या रक्षणासाठी स्थापन झालेल्या आयोगाने मेंढपाळाचा हंगाम का बुडवावा?

शासनाने 30 सप्टेंबर 2024 रोजी देशी गायीला राज्यमाता-गोमाता घोषित केले आणि गोशाळांना प्रत्येक देशी गायीमागे दिवसाला 50 रुपये देण्याचा निर्णय घेतला. हे अनुदान गोशाळेला आहे, शेतकऱ्याला नाही. शिवाय आमच्या गोठ्यांतील बहुतेक गायी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) आणि जर्सी या विदेशी जातींच्या संकराच्या आहेत. त्या या घोषणेत बसत नाहीत, पण कायद्यात मात्र बसतात. सर्वांत वाईट अवस्था संकरित गोऱ्ह्याची, म्हणजे नर वासराची आहे. त्याला वशिंड नसल्यात जमा, त्यामुळे जू नीट बसत नाही. ऊन सोसत नाही. विकता येत नाही आणि पोसणे परवडत नाही. तो जन्मला की गोठ्यात कोणाच्याच चेहऱ्यावर आनंद दिसत नाही. अनेक गोऱ्हे दुधाविना खंगून जातात किंवा रात्री कुठेतरी सोडले जातात आणि मग दुसऱ्याच्या शेतातील मका खात हिंडतात. गोरक्षणावर पोटतिडकीने बोलणाऱ्यांनी या वासरांकडे एकदा पाहावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

2019 च्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रातील गोवर्गीय जनावरे 2012 च्या तुलनेत सुमारे दहा टक्क्यांनी घटली, तर जिथे असे कडक निर्बंध नाहीत त्या पश्चिम बंगालमध्ये ती सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढली. ही घट केवळ कायद्यामुळे झाली असे मी म्हणणार नाही. ट्रॅक्टर आला, चारा महागला, सलग दुष्काळ पडले. परंतु जे जनावर म्हातारपणी विकता येणार नाही ते तरुणपणी कोण विकत घेणार, हा साधा विचार प्रत्येक शेतकरी करतो. खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंडाला आजही लोक हौसेने मोठी किंमत मोजतात, विशेषतः 2021 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिल्यापासून. मात्र शर्यतीच्या चार बैलांवर खिलार जात टिकत नाही.

समाजाला भाकड जनावर मारायचे नसेल, तर त्याला जगवण्याचा खर्चही समाजाने उचलावा. गोशाळेला मिळणारे अनुदान घरच्या दावणीला भाकड गाय व बैल सांभाळणाऱ्या शेतकऱ्यालाही द्यावे. त्यासाठी कानातील बिल्ल्याची नोंद पशुवैद्यकीय दवाखान्यात आहेच. कालवडीच जन्माव्यात म्हणून वापरली जाणारी लिंगनिश्चित वीर्यमात्रा प्रत्येक दवाखान्यात वेळेवर आणि परवडेल अशा दरात मिळावी. बाजार समितीची पावती असलेली गाडी पोलिसांव्यतिरिक्त कोणी अडवली, तर अडवणाऱ्यावर त्याच रात्री गुन्हा नोंदवला जावा. आणि गोसेवा आयोगाने पुढचे कोणतेही पत्र काढण्यापूर्वी शनिवारी आटपाडीच्या बाजारात एक जाहीर सुनावणी ठेवावी. तिथे धनगर, कुरेशी, खाटीक, दूधवाले आणि गोशाळाचालक सगळेच एका जागी भेटतील. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील आमदारांनी ही मागणी येत्या अधिवेशनात मांडावी आणि तिचे काय झाले ते आपल्या दैनिकाने छापावे.

आपला विश्वासू,
एक दूध उत्पादक वाचक,
ता. खानापूर, जि. सांगली