जेसीबी लावण्याआधी एक हंगाम द्या : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

विद्यापीठांच्या आवारात वसतिगृह, जलवाहिनी असे काही ना काही बांधकाम चालूच असते. जेसीबी लागला की काही तासांत जमिनीतला पुरावा मातीच्या ढिगात जातो. जिथे जुनी खापरे, विटा वर दिसतात, तिथे पाया घेण्याआधी एक हंगाम ती जागा पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना मिळावी, ही आमची मागणी.

हार्वर्डमध्ये 2005 पासून विद्यार्थी स्वतःच्याच आवारात उत्खनन करतात. सतराव्या शतकात तिथल्या मूळनिवासी मुलांसाठी बांधलेल्या इंडियन कॉलेजच्या पायाचा चर आणि छापखान्यातले अक्षरांचे खिळे त्यांना मिळाले.

आपल्याकडे खरी परीक्षा पाहते ती काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, वरच्या थरातले खापर भेगेतून खाली उतरते आणि कालनिर्णय चुकतो. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मातीत ओल असतानाच खणायला हवे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवान्यासाठीचा अर्ज त्यामुळे पावसाळ्याआधीच गेला पाहिजे.

पाच मीटरचा चौरस आखून चारही बाजूंनी अर्धा मीटर माती राखायची. खणायला चार बाय चार उरते. राखलेल्या भिंतींत थर वाचता येतात. खोली एकाच पक्क्या संदर्भबिंदूपासून मोजायची. जमिनीपासून मोजली, तर उतारावर सगळ्या नोंदी बिघडतात. उपसलेली माती कडेपासून दोन मीटर लांब टाकायची, नाहीतर भाराने भिंत ढासळते आणि सगळे थर मिसळतात.

पैसे मात्र खणण्यापुरतेच मंजूर होतात, हे फार घातक आहे. खापरे मऊ ब्रशने धुऊन सावलीत वाळवायची; तांब्याच्या नाण्याला पाणी लावायचे नाही, ते जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडेच जायला हवे. कोळशाला हात न लावता तो ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवायचा. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी आत, एक बाहेर: स्थळ, खड्डा, थर, खोली, तारीख. चिठ्ठी गेली की ते खापर अभ्यासाच्या कामाचे राहत नाही. वर्गीकरण, रेखाटन आणि अहवालाला खणण्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. त्यासाठी कोरडी खोली, रॅक आणि एक कायम साहाय्यक हवा.

आपल्या विभागाने बांधकाम प्रस्तावाच्या नमुन्यात ‘पुरातत्त्वीय पाहणी झाली काय?’ असा रकाना घालावा, आणि तो रिकामा असेल तर प्रस्ताव परत पाठवावा.

आपले,
पुरातत्त्वशास्त्राचे काही अध्यापक