शाळकरी मुलांची उन्हाळी इंटर्नशिप: प्रमाणपत्रापेक्षा मार्गदर्शक पाहा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या उन्हाळी शिबिरांच्या, 'संशोधन कार्यक्रमां'च्या आणि इंटर्नशिपच्या जाहिराती वार्षिक परीक्षा संपण्याआधीच पालकांच्या मोबाइलवर येऊ लागतात. त्यांतल्या बहुतेकांत एखाद्या नामवंत विद्यापीठाच्या इमारतीचे छायाचित्र, प्रमाणपत्राचा नमुना आणि नोंदणीची शेवटची तारीख एवढेच ठळक असते. आपला मुलगा किंवा मुलगी तिथे रोज कोणाबरोबर बसणार आणि नेमके काय करणार, हे शोधूनही सापडत नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी करताना सुट्टीत येणाऱ्या शाळकरी विद्यार्थ्यांना मी बरीच वर्षे जवळून पाहिले आहे. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे, की या वयातल्या इंटर्नशिपचे मोल एकाच गोष्टीवर ठरते: त्या विद्यार्थ्यासाठी स्वतःचा वेळ राखून ठेवणारा आणि त्याच्या कामाची जबाबदारी घेणारा एक जाणता माणूस तिथे आहे की नाही. संस्थेचे नाव, इमारत, प्रमाणपत्रावरची सही हे सगळे त्यानंतर येते. याविषयी थोडे सविस्तर लिहावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

ज्या कार्यक्रमांचे नाव जगभर आदराने घेतले जाते, त्यांची रचना पाहिली तरी हेच दिसते. अमेरिकेत १९८४ पासून चालणाऱ्या 'रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट'मध्ये निवडक शालेय विद्यार्थी सहा आठवडे एमआयटी (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) या विद्यापीठात राहतात. त्यांच्याकडून शिकवणीचे शुल्क घेतले जात नाही. पहिला आठवडा वर्गातल्या अभ्यासाचा असतो आणि पुढचे पाच आठवडे प्रत्येक विद्यार्थी एका संशोधकाच्या हाताखाली स्वतःच्या विषयावर काम करून शेवटी लेखी अहवाल देतो आणि इतरांसमोर उभे राहून आपले काम मांडतो. त्याहून जुना, १९५९ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेला 'समर सायन्स प्रोग्रॅम' मला विशेष आवडतो. त्यातल्या खगोलशास्त्राच्या गटात विद्यार्थी पृथ्वीच्या जवळून जाणाऱ्या एखाद्या लघुग्रहाची निरीक्षणे स्वतः दुर्बिणीतून घेतात, ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर त्याचे स्थान मोजतात आणि त्या मोजमापांवरून त्याची कक्षा काढणारा संगणकीय प्रोग्रॅमही स्वतः लिहितात. आकाश ढगाळ राहिले तर त्या रात्रीचे निरीक्षण बुडते, मोजमापात चूक झाली तर कक्षा भलतीच येते, आणि बरोबर उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेले नसल्यामुळे चूक कुठे झाली हे आपले आपणच शोधावे लागते. परीक्षेसाठी घोकलेल्या विषयाची खरी ओळख मुलांना अशा वेळी होते.

आपल्या देशातही असे प्रयत्न आहेत आणि ते कौतुकास पात्र आहेत. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या शालेय उन्हाळी कार्यक्रमात विद्यार्थ्यांचा छोटा गट आठवडाभर एका शास्त्रज्ञाकडे सोपवला जातो, आणि त्या आठवड्यात काय करायचे हे ठरीव अभ्यासक्रमाने नव्हे, तर त्या दोघांच्या विचाराने ठरते. इस्रोने २०१९ मध्ये नववीच्या विद्यार्थ्यांसाठी 'युविका' हा उन्हाळी निवासी कार्यक्रम सुरू केला. त्यातील प्रवासाचा, राहण्याचा आणि जेवणाचा खर्च इस्रो करते आणि ग्रामीण भागातल्या शाळेत शिकणाऱ्यांना निवडीत अधिक गुण दिले जातात. मात्र अशा कार्यक्रमांतल्या जागा मोजक्या असतात आणि त्या मिळवू पाहणारी मुले असंख्य. उरलेल्यांनी काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर आज जाहिराती देत आहेत, म्हणून त्याकडे गांभीर्याने पाहायला हवे.

जाणत्या माणसाच्या हाताखाली काम करणे म्हणजे काय, हे सांगण्यासाठी मी पाहिलेला एक साधा प्रसंग लिहिते. सुट्टीत आमच्याकडे आलेल्या अकरावीच्या एका विद्यार्थिनीला प्रयोगशाळा सहायकांनी नव्या सत्रासाठी थर्मामीटर तपासून घेण्याचे काम दिले. परीक्षानळीतले नॅफ्थलीन वितळवायचे, त्यात थर्मामीटर ठेवायचा आणि ते थंड होताना दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहायचे, असे ते काम. पारा उतरत उतरत ८० अंशांवर आला आणि तिथेच थांबला. पाच-सहा नोंदी एकसारख्या आल्यावर तिने थर्मामीटर बिघडला असे ठरवून त्या नोंदी खोडायला घेतल्या. सहायकांनी तिला थांबवले आणि नळी उजेडात धरून पाहायला सांगितले. आत पांढरे स्फटिक धरू लागले होते. द्रवाचा घन होत असताना उष्णता बाहेर पडत राहते आणि तापमान एका जागी स्थिर राहते, हा धडा तिने शाळेत शिकला होता, त्यावर पूर्ण गुणही मिळवले होते, पण तोच धडा हातातल्या नळीत घडताना तिला ओळखता आला नव्हता. पुढच्या दिवसांत तिने उरलेले थर्मामीटर त्याच पद्धतीने तपासले. त्यांतला एक ७८ अंशांवरच थांबतो, हे तिने वेगळे काढले, पुन्हा पडताळले आणि त्याच्या डब्यावर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली. ती चिठ्ठी वर्षभर पदवीच्या विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडली. नोंदवहीतला आकडा चुकला तरी तो पांढऱ्या शाईने झाकायचा नाही, एका रेघेने छेदायचा, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो, ही शिस्तही ती तिथेच शिकली.

त्या कामात संशोधन म्हणावे असे काही नव्हते, आणि तिला शिकवणाऱ्या सहायकांच्या नावामागे कोणतीही पदवी लागलेली नव्हती. तरीही काम खरे होते, त्याचा कोणाला तरी उपयोग होणार होता, आणि चुकण्याच्या नेमक्या क्षणी शेजारी जाणता माणूस उभा होता. वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांची सूची करणे, रुग्णालयाच्या नोंदणी विभागात मदत करणे, सुताराच्या किंवा यंत्रदुरुस्तीच्या कार्यशाळेत मापे घ्यायला शिकणे, वृत्तपत्राच्या कार्यालयात मुद्रिते तपासणे, यांतले कोणतेही काम याच कसोटीवर उतरू शकते. आणि एखाद्या प्रतिष्ठित संशोधन संस्थेतही महिनाभर कोपऱ्यात बसवून ठेवलेल्या मुलाला काहीच न मिळण्याची शक्यता असते.

आता पैसे भरून मिळणाऱ्या कार्यक्रमांविषयी. सशुल्क म्हणजे वाईट, असे माझे म्हणणे नाही. चांगले शिकवणाऱ्यांना मोबदला मिळालाच पाहिजे. पण पालकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, की विद्यापीठाच्या आवारात भरणारा प्रत्येक कार्यक्रम त्या विद्यापीठाचा नसतो. सुट्टीत रिकाम्या असलेल्या खोल्या आणि वसतिगृहे भाड्याने घेऊन खासगी कंपन्या आपले वर्ग चालवतात आणि जाहिरातीत विद्यापीठाचे नाव मोठ्या अक्षरांत छापतात. शुल्क भरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला प्रवेश मिळत असेल, तर त्या प्रवेशाला निवड म्हणता येत नाही, आणि पुढे महाविद्यालयीन प्रवेशाच्या वेळी जाणकारांना हा फरक कळतो. याहून चिंताजनक प्रकार म्हणजे शुल्काच्या बदल्यात शाळकरी मुलाच्या नावे 'शोधनिबंध' छापून देण्याचे आश्वासन. जे काम आपण केले नाही, त्यावर आपले नाव घालायला पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला मोठ्यांनीच शिकवावे, यासारखे नुकसान दुसरे नाही. पैसे भरण्यापूर्वी पालकांनी आयोजकांना स्पष्ट विचारावे, की माझ्या मुलाचा मार्गदर्शक कोण, त्याच्याकडे एकूण किती विद्यार्थी असतील, तो आठवड्यातून किती वेळ प्रत्यक्ष देईल, आणि शेवटी मुलाने स्वतः केलेले असे काय त्याच्या हाती असेल. ज्यांच्याकडे याची उत्तरे तयार नाहीत, त्यांच्याकडे प्रमाणपत्राखेरीज देण्यासारखे फारसे नसावे, असे समजायला हरकत नाही.

पैशांइतकीच मोठी अडचण ओळखीची आहे. फ्रान्समध्ये साधारण चौदा-पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांना शालेय वर्षात काही दिवस एखाद्या कामाच्या ठिकाणी जाऊन निरीक्षण करणे बंधनकारक आहे. कल्पना उत्तम आहे, पण जागा बहुधा ज्याची त्याने शोधायची असल्यामुळे आईवडिलांच्या ओळखी असलेली मुले वकिलांच्या आणि वास्तुविशारदांच्या कार्यालयांत जातात आणि इतरांना जे जवळपास मिळेल त्यावर समाधान मानावे लागते, ही तक्रार तिथे सातत्याने होत आली आहे. आपल्याकडे तर बंधन नाही, व्यवस्थाही नाही. जे काही होते ते 'आमच्या ओळखीचे एक सर आहेत' या वाक्यापासून सुरू होते. अशा ओळखीने येणारी मुले गुणी नसतात असे नाही, परंतु ज्याच्या घरातली पहिलीच पिढी शिकते आहे, त्या मुलाला प्रयोगशाळेचे दार कुठे आहे हेसुद्धा कोणी सांगितलेले नसते. सुट्टीतल्या संधींचा सर्वांत जास्त उपयोग ज्याला व्हायचा, नेमका तोच बाहेर राहतो.

यावर उपाय नाहीत असे नाही. ब्रिटनमधील 'नफील्ड रिसर्च प्लेसमेंट' या योजनेत साधारण १६-१७ वर्षांच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात संशोधन संस्थांमध्ये आणि उद्योगांमध्ये पाठवले गेले, आर्थिकदृष्ट्या मागे असलेल्यांना प्राधान्य मिळाले आणि जाण्यायेण्याचा खर्च दिला गेला. न्यूयॉर्क शहरात १९६३ पासून युवकांना उन्हाळ्यात सवेतन काम देणारी योजना चालते आणि अर्ज जागांपेक्षा जास्त असल्यामुळे निवड सोडतीने होते. अशाच सोडतीमुळे काम मिळालेले आणि न मिळालेले असे एरवी सारखेच दोन गट तुलनेला मिळतात, आणि म्हणून संशोधकांना या योजनांचा परिणाम विश्वासाने मोजता आला आहे. शिकागोतील गुन्हेगारीग्रस्त भागांमधल्या शाळांतील विद्यार्थ्यांना आठ आठवडे, आठवड्याला २५ तास किमान वेतनावर काम देण्यात आले आणि प्रत्येकासाठी एक प्रौढ मार्गदर्शक नेमण्यात आला. २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पुढील १६ महिन्यांत त्यांच्यातील हिंसक गुन्ह्यांसाठी झालेल्या अटकांचे प्रमाण काम न मिळालेल्यांच्या तुलनेत ४३ टक्क्यांनी कमी होते. न्यूयॉर्कच्या योजनेच्या अभ्यासात तुरुंगवास आणि अकाली मृत्यू कमी झाल्याचे आढळले, पण पुढच्या काळात कमाई वाढल्याचे मात्र दिसले नाही. मला हे निष्कर्ष फार बोलके वाटतात. आपण सुट्टीतल्या कामाकडे केवळ पुढच्या नोकरीची पहिली पायरी म्हणून पाहतो, आणि त्याचा खरा लाभ वेगळ्याच ठिकाणी, मुलाच्या वागण्यात आणि जगण्यात, दिसून येतो.

सुरक्षिततेचा मुद्दा थोडक्यात मांडते. आपल्याकडे बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास, काही मोजके अपवाद वगळता, कायद्याने बंदी आहे आणि १४ ते १८ वयोगटाला धोकादायक कामांत घेता येत नाही. इंटर्नशिप या नावाखाली मुलांना फुकटचे मनुष्यबळ म्हणून राबवणे हा या कायद्यांच्या हेतूचाच भंग आहे. मूल कुठे, किती वाजेपर्यंत आणि कोणाच्या देखरेखीखाली असेल, हे लेखी असावे आणि त्याची एक प्रत पालकांकडे, एक शाळेकडे असावी.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकावे असे सुचवले आहे, आणि अशाच संधी बारावीपर्यंत, सुट्टीच्या काळातही देता येतील असे म्हटले आहे. सुट्टीविषयीच्या या तरतुदीकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. तिची अंमलबजावणी करायला मोठा निधी लागत नाही. प्रत्येक महाविद्यालयाने, सार्वजनिक वाचनालयाने, संग्रहालयाने आणि शासकीय प्रयोगशाळेने दर उन्हाळ्यात दोन-तीन जागा शाळकरी विद्यार्थ्यांसाठी उघडपणे जाहीर कराव्यात, अर्ज एका पानाचा असावा, निवड सोडतीने करावी, आणि मार्गदर्शन करणाऱ्या कर्मचाऱ्याचा त्यासाठीचा वेळ त्याच्या कामाच्या तासांत धरावा. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आज हे काम जे करतात, ते आपली रोजची कामे उरकून, केवळ आवडीपोटी करतात, आणि अशा व्यवस्था ती व्यक्ती बदलली की बंद पडतात.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. चांगल्या आणि विनाशुल्क कार्यक्रमांची अर्जाची मुदत उन्हाळ्याच्या कितीतरी आधी संपते. काही आंतरराष्ट्रीय कार्यक्रमांचे अर्ज तर डिसेंबरातच बंद होतात. परीक्षा संपत आल्यावर जेव्हा पालक विचार करू लागतात, तेव्हा बाजारात केवळ पैसे भरून मिळणाऱ्या जागा शिल्लक असतात. आपण नोव्हेंबरपासूनच शैक्षणिक पुरवणीत अशा कार्यक्रमांची माहिती, पात्रता, अर्जाची मुदत आणि खर्च कोण करते या तपशिलासह नियमित छापलीत, तर जिथे इंटरनेटवर शोध घेऊन देणारे घरात कोणी नाही, अशा विद्यार्थ्यांपर्यंतही ती वेळेत पोहोचेल.

आपली विश्वासू,
एक वाचक
(निवृत्त प्रयोगशाळा कर्मचारी)