डब्लिनहून बाबांना

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आजोबांच्या भजनांच्या वहीची पाने सुटू लागल्याचे तुम्ही कळवलेत, तेव्हापासून येथे वाचत असलेल्या एका स्तोत्रसंग्रहाविषयी तुम्हाला लिहावे असे मनात होते. तिसऱ्या शतकात मेसोपोटेमियात मानी नावाचा धर्मसंस्थापक होऊन गेला. अंधारात अडकलेला प्रकाश सोडवणे हेच भक्ताचे काम, अशी त्याची शिकवण होती. इराणच्या राजाच्या कैदेत त्याचा अंत झाला. त्याच्या अनुयायांची कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या जुन्या भाषेतील, स्तोत्रे १९२९ च्या सुमारास इजिप्तमधील मदीनत मादी येथे सापडली आणि त्यांचे पपायरसचे बाड आज याच शहरातील चेस्टर बीटी ग्रंथालयात जपलेले आहे.

त्यातील ‘बेमा’ची स्तोत्रे मी पुन्हा पुन्हा वाचतो. बेमा म्हणजे पाच पायऱ्यांचे आसन. मानीच्या मृत्यूच्या स्मरणार्थ वसंत ऋतूत ते मांडत आणि त्या रिकाम्या आसनासमोर रात्र जागवून गात. कित्येक स्तोत्रांना ध्रुवपद आहे, त्यावरून एकाने म्हणावे आणि बाकीच्यांनी मागून धरावे अशी रीत असावी. आपल्या अभंगांच्या शेवटी रचणाऱ्याचे नाव येते. येथे मात्र मेरी, थिओना अशा दिवंगत भक्तांची नावे घेऊन त्यांच्या आत्म्यांना विजय चिंतिलेला असतो.

रोमन बादशहा डायोक्लेशियनने या पंथाचे ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला होता. तरीही इजिप्तच्या वाळवंटातील ‘दाखला’ नावाच्या मरुद्यानातील केल्लिस या गावी चौथ्या शतकातील साध्या घरांतून स्तोत्रे व प्रार्थना मिळाल्या, काही तर लाकडी फळ्यांवर लिहिलेल्या. त्यांच्यासोबत घरची पत्रेही निघाली. त्यांतल्या एका पत्रात परगावी गेलेला माकारिओस आपला मुलगा मत्थाइओस याला बजावतो की, ग्रीक असोत वा कॉप्टिक, स्तोत्रांचा रोज अभ्यास कर आणि रोज थोडे लिहीत जा, कारण येथे ग्रंथ उतरवण्यासाठी मला तुझी गरज आहे. हे वाचताना माझे डोळे भरून आले, कारण दिवेलागणीला तुम्ही मला पाटावर बसवून हरिपाठ म्हणवून घेत होता.

तिथे बाप दूर होता आणि मुलगा घरी. आपले उलट आहे. म्हणून मीच मागतो आहे: वही बांधायला देण्याआधी काकडआरतीची पाने तुम्ही स्वतःच्या अक्षरात उतरवून मला पाठवावीत. आईस नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद.

तुमचा,
सुधीर