गुरुजी थकलेत, आळशी नाहीत

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

माझी बायको जिल्हा परिषद शाळेत शिकवते. ताटावर बसलं तरी फोन वाजतोच, पोषण आहाराची माहिती, यू-डायसचे (शाळांच्या सरकारी माहितीचे) रकाने, बीएलओची (मतदार नोंदणीच्या कामाची) यादी, फोटो अपलोड करा, आणि हे सगळं ग्रुपवर 'तातडीचे' म्हणून येतं. पूर्वी पोरांच्या वह्या तपासताना हसायची, आता नुसती सही करून पुढची वही ओढते, ते बघून जीव तुटतो हो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून जाण्याची, नोंद घेतली ती आजार म्हणून नाही, तर कामाच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. अंगातलं बळ संपणं, कामातून मन उडणं आणि आपल्याकडून काहीच नीट होत नाही असं वाटणं, ही त्याची तीन लक्षणं. म्हणून मला ते योगा करा, पॉझिटिव्ह राहा वगैरे सल्ले अर्धवट वाटतात. झोप, चालणं, मोकळं बोलणं हवंच, फार खचल्यासारखं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, लाजू नका, पण सुट्टीवरून परत त्याच ढिगाऱ्यात जायचं असेल तर माणूस सावरणार कसा?

शिक्षण विभागाने एवढं तरी करावं, एकच माहिती पुन्हापुन्हा मागू नये, संध्याकाळी सहानंतर ग्रुपवर आदेश टाकू नयेत आणि ऑनलाइन कामाला केंद्रावर वेगळा माणूस द्यावा.

- एक वाचक, सातारा