हिरड्यांतल्या रक्ताकडे दुर्लक्ष नको

ब्रश करताना रक्त आले की ‘उष्णता वाढली’ म्हणून आपण सोडून देतो. माझ्या आईने वर्षानुवर्षे तेच केले. मधुमेह असूनही तिच्या हिरड्या कोणी पाहिल्या नाहीत. दात आणि हिरडीच्या फटीत, प्राणवायूविना वाढणारा ‘पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस’ हा जिवाणू जिंजिपेन नावाच्या विकरांनी (एन्झाइम) तिथली प्रथिने तोडतो, रक्तातल्या लोहावर पोसतो. हिरडी सुजलेली असली की नुसत्या चावण्यानेही जिवाणू रक्तात उतरतात. धमन्यांत साचलेल्या थरांतही जिंजिव्हॅलिसचे अंश सापडले आहेत. (हृदयविकार त्यानेच होतो, असे मात्र सिद्ध झालेले नाही.) हिरड्यांच्या सुजेमुळे साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते आणि वाढलेल्या साखरेने हिरड्या आणखी बिघडतात. प्राथमिक आरोग्य केंद्रांत साखर तपासतानाच हिरड्याही पाहाव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा