चपटी नळी की गोल?

वर्तकनगर, ठाणे

प्रिय संदीप,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. तू पुन्हा सायकलवर बसणार याचा आनंद झालाच, पण स्टीलची फ्रेम बांधून घेणार हे वाचून जास्त झाला. तू पाठवलेल्या दोन चित्रांपैकी चपट्या नळ्यांच्या फ्रेमवर तुझं मन बसलंय, कारण ती जास्त आरामशीर असेल असं तुला वाटतं. त्यावर सविस्तर लिहितो, कारण पैसे मोजण्याआधी हे कळलेलं बरं.

स्टील साधं असो की महागडं, त्याचा मूळचा ताठपणा जवळपास एकच असतो, २०० ते २१० गिगापास्कल. १९३५ साली आलेली रेनॉल्ड्स ५३१ ही नावाजलेली स्टीलची नळी घे नाहीतर आजची साधी क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं स्टील), व्यास आणि जाडी सारखी असली तर दोन्ही नळ्या सारख्या जोराला सारख्याच लवतील. महाग धातूत फरक मजबुतीचा असतो. तो कायमचा वाकायला किंवा तुटायला जास्त जोर लागतो, म्हणून नळीची भिंत पातळ ठेवता येते. पण भिंत पातळ केली की ताठपणाही कमी होतो. तो परत मिळवायचा तर नळीची जाडी नव्हे, तिचा घेर वाढवावा लागतो. आकाराचा सगळा खेळ इथून सुरू होतो.

पातळ नळीचा ताठपणा भिंतीच्या जाडीच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण व्यासाच्या घनाने वाढतो. जुन्या मापाची खालची नळी, म्हणजे हँडलखालून पायडलच्या आसाकडे तिरकी उतरणारी, २८.६ मिमीची असायची, आता ३१.८ची सर्रास मिळते. जाडी तीच ठेवली तर वजन ११ टक्क्यांनी वाढतं आणि ताठपणा ३७ टक्क्यांनी. वजन तेवढंच ठेवून भिंत थोडी पातळ केली, तरी सुमारे २४ टक्के ताठपणा पदरात पडतोच. अर्थात हे कितीही ताणता येत नाही. घेर मोठा आणि भिंत फार पातळ झाली की नळी ठोकरीला चेपते. म्हणून टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशी नळी करतात, ०.९-०.६-०.९ मिमी किंवा ०.८-०.५-०.८. टोकांना वेल्डिंग होतं आणि ताणही तिथेच जास्त असतो. आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी बर्मिंगहॅममध्ये याचं पेटंट १८९७ सालीच घेतलं होतं!

आता तुझी चपटी नळी. लाकडी फूटपट्टी हातात घे. आडवी धरून दाब, लगेच वाकते. कडेवर उभी धरून दाब, हलत नाही. लंबगोल नळीचंही तसंच. २८.६ची गोल नळी दाबून ३२ बाय २४.८ केली, तर रुंद बाजूला ती सुमारे १६ टक्के जास्त ताठ होते आणि अरुंद बाजूला सुमारे २० टक्के मऊ. शिवाय पिळाला होणारा विरोध ५-६ टक्क्यांनी घटतो. बंद नळीचा पिळाला विरोध तिने वेढलेल्या क्षेत्रफळावर ठरतो, आणि तेवढ्याच परिघात सगळ्यात जास्त क्षेत्रफळ वर्तुळच वेढतं. कोलनागो या इटालियन कंपनीच्या मास्टर फ्रेमच्या चुण्यादार नळ्या मला दिसायला अतिशय आवडतात, पण चुण्या पाडून क्षेत्रफळ वाढत नाही, हेही तितकंच खरं.

येऊरचा चढ आठव. उपवनकडून गेटमधून वर गेलं की उभं राहून पायडल मारावं लागतं. हात हँडल एकीकडे ओढतात, पाय खाली दुसरीकडे ढकलतात, आणि खालची नळी पिळते. तिथे मला गोल आणि मोठी नळी हवी. बॉटम ब्रॅकेटजवळ, म्हणजे पायडलचा आस बसतो तिथे, ती आडवी लंबगोल केली तर चालेल, कारण तिथे बाजूला लवणं थांबवायचं असतं. कोलंबस या नळ्या बनवणाऱ्या इटालियन कंपनीने आपल्या मॅक्स नळ्यांत हेच केलं होतं: एका टोकाला लंबगोल उभा, दुसऱ्या टोकाला आडवा. विचार करून दिलेला आकार म्हणतात तो असा.

मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दोन नळ्यांची, म्हणजे चेनस्टेची, गोष्ट वेगळी. त्या ३० बाय १६ अशा उभट असतात, म्हणजे बाजूला मऊ आणि उभ्या दिशेला ताठ, आपल्याला हवं त्याच्या अगदी उलट! कारण टायर आणि दातेरी चकतीच्या मधल्या सापटीत दुसरा आकार मावतच नाही. तेव्हा चपट्या आकारामागे दरवेळी आरामाचाच विचार असतो असं समजू नकोस.

आणि वरची दांडी चपटी असली की धक्के कमी बसतात, हे तर मला पटतच नाही. वरची दांडी, खालची नळी आणि सीटची नळी यांचा पुढचा त्रिकोण उभ्या भाराला फार ताठ असतो, भार नळ्यांच्या लांबीतून जातो, आणि दांडी चपटी केली तरी तो फारसा लवत नाही. घोडबंदर रोडवरचे खड्ड्यात बसवलेले पेव्हर ब्लॉक आणि उड्डाणपुलांचे सांधे सोसतो तो टायर. तो मिलिमीटरमध्ये दबतो, फ्रेम फार तर मिलिमीटरच्या अंशात. त्याखालोखाल पुढचं चाक धरणारा चिमटा (फोर्क) आणि सीटखालची दांडी, म्हणजे सीटपोस्ट. आरामाचा खर्च तिथे कर. ३२ मिमीचे टायर बसतील एवढी जागा सोडायला सांग आणि चिमटा बारीक होत जाणाऱ्या, पुढे वळलेल्या पात्यांचा घे. पाम बीच रोडवर सकाळी सरळ पळताना काहीही चालेल, पण तुला बॅगा लावून कोकणात उतरायचंय.

तुझं वजन नव्वदीच्या घरात, त्यावर सामान. वरची दांडी गोल २८.६ आणि खालची गोल ३१.८ घे, दोन्ही ०.९-०.६-०.९. बारीक दांडी असली की मागे ओझं लावल्यावर उतारावर हँडल थरथरू लागतं, आणि तुझ्या पाठीशी ट्रक असताना मला ते नको आहे. नळ्यांना आतून तेलाचा हात द्यायलाही सांग, आपल्या खाडीकाठच्या पावसात गंज आतूनच धरतो.

कारागिराला माप देण्याआधी मला चित्र पाठव. बॉटम ब्रॅकेटपासचा आकार आणि चेनस्टेची मापं त्यात हवीत. वहिनींना नमस्कार, काकूंची गुडघेदुखी कशी आहे तेही कळव.

तुझा,
अविनाश